एसबीसीला झोपायला सांगितलं की रीसेट मारते, आणि झोपली तरी १.२ मिलिअँप खाते. कुठे बघू?

फर्मवेअर_हिंजवडी

नमस्कार मंडळी, मी आधी इन्फोटेनमेंटच्या टीमला होते, तीन महिन्यांपूर्वी दरवाजाच्या ईसीयूवर (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट) आले. म्हणजे काच वरखाली, आरसा, सेंट्रल लॉक वगैरे. कॅनवर (ईसीयूंना आपसात जोडणारी बस) गेटवेशी बोलायचं आणि लिनवर (एका तारेची साधी बस) काचेच्या बटणांशी. पॉवर सगळी एका सिस्टीम बेसिस चिपमधून (हीच ती एसबीसी) येते, एसपीआय या सिरीयल जोडणीवरून तिला मोड सांगायचे. पार्ट नंबर टाकता येणार नाही, कस्टमरचा आहे, पण नेहमीचीच आहे, एक ५ व्होल्टचा रेग्युलेटर मायक्रोकंट्रोलरला, दुसरा ५ व्होल्ट बाहेरच्या सेन्सरला, कॅन, वॉचडॉग (वेळेवर किक, म्हणजे कोड चालू असल्याचा इशारा, मिळाला नाही तर रीसेट देणारा टायमर), वेक पिन.

अडचण अशी आहे की किल्ली काढल्यावर बस शांत झाली की आमचा ईसीयू १०० मायक्रोअँपच्या खाली गेला पाहिजे अशी अट आहे. मी स्लीपची कमांड देते आणि तीनातून एकदा तरी चिप झोपायच्या ऐवजी रीसेट मारते, कोड पहिल्यापासून सुरू, करंट ७० मिलिअँपवर, मग पुन्हा दहा सेकंदांनी झोपायचा प्रयत्न. आणि जेव्हा खरंच झोपते तेव्हासुद्धा मीटरवर १.२ मिलिअँप दिसतात. बेंचला १२.५ व्होल्ट देते आहे.

डेटाशीट शंभराच्या वर पानांची आहे, दोनदा वाचली, पण मोडचं ते चित्र बघून डोक्यात काही बसत नाहीये. मुळात हे सगळं एकाच चिपमध्ये का कोंबलंय हेच मला नीट कळलेलं नाही असं वाटतं, वेगळा रेग्युलेटर, वेगळा ट्रान्सीव्हर (बसवर बोलणारी-ऐकणारी चिप) घेतला असता तर काय बिघडलं असतं? पुढच्या गुरुवारी गाडीवर टेस्ट आहे. कोणी समजावून सांगेल का?

सोल्डर_नाशिक

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो कळला की बाकीचं आपोआप सुटायला लागतं.

कॉलेजच्या प्रोजेक्टला आपण सगळ्यांनी ७८०५, म्हणजे ५ व्होल्टचा साधा रेग्युलेटर, वापरलाय. तो नुसता बसून, काहीही लोड नसताना, ५ मिलिअँपच्या आसपास खातो. महिन्याला ३.६ अँपिअर-अवर झाले, एका ईसीयूचे. गाडीत असे चाळीस-पन्नास ईसीयू धर, आणि गणेशोत्सवाला माणूस पंधरा दिवस कोकणात गेला तर पार्किंगमधली गाडी परत आल्यावर सुरू होणारच नाही. म्हणून ती १०० मायक्रोअँपची अट असते. १०० ने महिन्याला ७२ मिलिअँपिअर-अवर जातात, ते परवडतं.

दुसरं, गाडीतले १२ व्होल्ट हे नावाला १२ असतात. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, स्टार्टर मारताना थंडीत ६ च्याही खाली, कोणी ट्रकच्या बॅटरीवरून जंप दिला तर २४. आणि अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीची तार निघाली तर लोड डंप, म्हणजे व्होल्टेजची मोठी उसळी. आयएसओ १६७५०-२ मध्ये क्लॅम्प (उसळी अडवणारी सोय) नसलेल्या अल्टरनेटरसाठी तो ७९ ते १०१ व्होल्ट धरलाय, क्लॅम्प असेल तर ३५. शिवाय कोणीतरी बॅटरी उलटी जोडणारच. यातलं काही टीव्हीएस (उसळी शोषणारा डायोड) आणि उलट्या पोलॅरिटीचा डायोड किंवा मॉसफेट घेतो, उरलेलं चिपच्या बॅट पिनला सोसावं लागतं, म्हणून ती पिन ४० व्होल्टच्या घरातली असते.

आता तुझ्या कामाचा मुद्दा. समज वेगळा रेग्युलेटर आणि साधा ८ पायांचा कॅन ट्रान्सीव्हर लावलास. झोपताना रेग्युलेटर बंद केला की ट्रान्सीव्हरचे ५ व्होल्ट गेले, म्हणजे तो बहिरा. मग रिमोटचं बटण दाबल्यावर गेटवेने बसवर हाक मारली तर ऐकणार कोण? आणि ऐकायला ५ व्होल्ट चालू ठेवले तर करंट गेला. सगळी सोसायटी झोपली तरी गेटवर एकजण जागा लागतो, ज्याचा पगार मायक्रोअँपमध्ये आहे आणि जो गरज पडली की मेन स्विच चालू करू शकतो. एसबीसीमधला कॅनचा वेक रिसीव्हर थेट बॅटरीवर चालतो, आणि रेग्युलेटर चालू-बंद करायचा हक्क त्याच चिपकडे आहे. बसवर कोण बोललं हे ज्याला कळतं त्याच्याच हातात वीज, म्हणून पॉवर आणि इंटरफेस एका पॅकेजमध्ये आले. वॉचडॉगही तिथेच बसतो, कारण मायक्रोकंट्रोलर अडकला तर त्याची रीसेट लाइन खाली ओढायला बाहेरचंच कोणीतरी लागतं.

याची एक किंमत आहे, उष्णता. १३.५ मधून ५ करताना १५० मिलिअँपला ८.५ गुणिले ०.१५, म्हणजे जवळपास १.३ वॉट त्या छोट्या पॅकेजमध्ये. दरवाजात ८५ डिग्री, बोर्डाचा थर्मल रेझिस्टन्स ४० डिग्री प्रति वॉट धरला तर आतलं तापमान १३५ च्या पुढे. म्हणून काही चिपमध्ये बाहेर पीएनपी ट्रान्झिस्टर लावून लोड वाटून घेतात, आणि काहींमध्ये लिनिअरच्या जागी बक (कमी तापणारा स्विचिंग रेग्युलेटर) देतात, इन्फिनिऑनची टीएलई९४७१ त्यातलीच. खाली तांब्याचा पॅड आणि व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी भोकं) मोजून घे, लेआउटवाले जागा वाचवायला व्हाया कमी करतात, माझ्या एका बोर्डावर त्यामुळे उन्हाळ्यात चिप ओव्हरटेम्परेचरला जाऊन बंद पडायची.

लिनचं पण बघून ठेव. मास्टर आपण असलो की लिनला १ किलोओमचा पुलअप डायोडमधून असतो. तो थेट बॅटरीला बांधलाय की आयएनएच पिनला? थेट असेल आणि हार्नेसमध्ये लिनची तार बॉडीला चिकटली तर झोपेत १२ मिलिअँप वाहत राहणार. आयएनएचवर असेल तर झोपताना तोही सुटतो.

रीसेटचं मी सांगत नाही, ते फर्मवेअरवाल्यांनी सांगावं.

कॅन_श्टुटगार्ट

रीसेटचं मी घेते. गेली अकरा वर्षं हेच करतेय, आधी पुण्यात आणि आता इकडे.

तुझी चिप कुठली ते माहीत नाही म्हणून जिची डेटाशीट सगळ्यांना उघडता येते ती घेऊ, एनएक्सपीची यूजेए११६९. तुझीही बहुतेक याच वळणाची असणार. तिला स्लीपची कमांड मान्य व्हायला दोन अटी आहेत. निदान एक तरी नेहमीचा वेक सोर्स चालू पाहिजे, म्हणजे कॅन किंवा वेक पिन. आणि कुठलाही वेक इव्हेंट पेंडिंग नको. यातलं एक जरी चुकलं तरी ती रीसेट मोडमध्ये जाते आणि रीसेटचं कारण म्हणून अयोग्य स्लीप कमांड अशी नोंद ठेवते.

हे असं का केलंय ते नीट समजून घे, मला स्वतःला हे कळायला पहिल्या प्रोजेक्टचे सहा महिने गेले होते. समज तू झोपायला निघालीस आणि त्याच क्षणी गेटवेने बसवर हाक मारली. चिपने ती ऐकली, इव्हेंटचा बिट लावला. तुझ्या कोडला ते माहीतच नाही, तू स्लीप पाठवलीस. चिपने ती मानली असती तर हाक वाया गेली, सगळी गाडी जागी आणि तुझा दरवाजा गाढ झोपेत, ड्रायव्हर बटण दाबतोय आणि काच हलत नाही. असा बग गाडीवर हजारातून एकदा येतो आणि कोणाला सापडत नाही. म्हणून चिप रीसेट देऊन तुला उठवते. आणि वेक सोर्स एकही चालू नसताना झोपू दिलं तर मग बॅटरी काढून लावल्याशिवाय उठायचा रस्ताच नाही.

आता तुझ्या कोडमध्ये बहुतेक काय चाललंय ते सांगते. तू आधी इव्हेंट क्लिअर करतेस, मग डेटा साठवणं, टास्क थांबवणं वगैरे करतेस, आणि शेवटी स्लीप. त्या मधल्या वेळात बसवर एक जरी फ्रेम आली की कॅन ऑफलाइन (म्हणजे फक्त वेकसाठी कान उघडे) असल्यामुळे ती वेक म्हणून पकडली जाते. वेक पॅटर्नला काही फार लागत नाही, डॉमिनंट, रिसेसिव्ह, डॉमिनंट (बसच्या दोन पातळ्या आलटून पालटून), आणि प्रत्येक टप्पा फिल्टरच्या वेळेपेक्षा लांब, जो काही मायक्रोसेकंदांचा असतो. साधी कुठलीही फ्रेम हे करते. पार्शल नेटवर्किंगवाली चिप असेल आणि ते चालू केलं असेल तरच ती ठरावीक आयडीच्या फ्रेमची वाट बघते.

क्रम असा ठेव: सगळी साठवासाठवी आधी संपव, कॅन ऑफलाइनला टाक, वेक सोर्स चालू कर, इव्हेंट क्लिअर कर, लगेच परत वाच, शून्य असेल तर त्याच्या पुढच्याच एसपीआय फ्रेमला स्लीप. शून्य नसेल तर झोपायचं रद्द, तो खरा वेक आहे असं धरून नेटवर्क सुरू कर. ऑटोसार (ईसीयूचं प्रमाणित सॉफ्टवेअर) वापरत असशील तर वेक आधी त्यातल्या ईसीयूएमकडे (ईसीयू स्टेट मॅनेजर) गेला पाहिजे आणि तिथे व्हॅलिडेशन झालं पाहिजे, ड्रायव्हरमध्येच गिळून टाकू नकोस. इतकं करूनही त्या शेवटच्या दोन फ्रेमच्या मधल्या फटीत कधीतरी हाक येईल आणि रीसेट होईल. तो होऊ दे, तो बरोबर आहे.

पण हे सगळं माझं अनुमान झालं. आधी रीसेटचं कारण वाच. बूट झाल्यावर एसबीसीला एकही राइट करायच्या आधी रीसेट सोर्स आणि सगळे इव्हेंट रजिस्टर वाचून रॅममध्ये ठेव. बऱ्याच लोकांच्या इनिट फंक्शनमध्ये पहिल्याच ओळीला सगळे इव्हेंट पुसलेले असतात, मग पुरावाच जातो.

टेस्टबेंच_भोसरी

करंट मोजायचं सांगतो कारण यात माझे स्वतःचे चार दिवस गेलेत. मल्टीमीटर मायक्रोअँपच्या रेंजला ठेवून सिरीजमध्ये लावला असेल तर लक्षात ठेवा की त्या रेंजला आतला शंट शेकड्यात ओमचा असतो, ईसीयू उठला आणि ७० मिलिअँप मागायला लागला की त्या शंटवरच सगळे व्होल्ट पडतात, ईसीयूला मिळतात ५-६, तो अंडरव्होल्टेजला रीसेट होतो, आणि तुम्हाला वाटतं फर्मवेअरचा बग आहे. मीटरला समांतर एक स्विच लावा, ईसीयू जागा असताना स्विच जोडलेला ठेवा म्हणजे करंट स्विचमधून, झोपला याची खात्री झाली की स्विच उघडून रीडिंग घ्या. आणि १०-१५ मिनिटं थांबा, कपॅसिटर आणि टीव्हीएसचं लीकेज बसायला वेळ लागतो.

डीबगर काढून ठेवा हेही सांगतो. तो लावलेला असला की झोपेत मायक्रोकंट्रोलरच्या पिनमधून बोर्डाला उलटी पॉवर मिळते आणि सगळी मापं खोटी येतात. वेक पिन पण तपासा ताई, दरवाजाच्या स्विचची तार बेंचवर लटकत असेल तर ती अँटेनाच आहे, पुलअप किंवा पुलडाउन काहीतरी द्या.

फर्मवेअर_हिंजवडी

तिघांचे खूप आभार, आज दिवसभर हेच केलं.

श्टुटगार्टच्या ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, आमच्या इनिटमध्ये दुसऱ्याच ओळीला सगळे इव्हेंट क्लिअर होत होते. तो कोड वर नेऊन आधी वाचून ठेवलं आणि ५० वेळा झोपवून बघितलं. १९ वेळा रीसेट. त्यातले १३ अयोग्य स्लीप कमांडचे, पेंडिंग इव्हेंट कॅनचा. उरलेले ६ मात्र वॉचडॉग ओव्हरफ्लोचे! म्हणजे मी एकच बग समजून दोन बगच्या मागे धावत होते. कॅनचा क्रम बदलला, बेंचवरच्या गेटवे सिम्युलेशनमधून शेवटची नेटवर्क मॅनेजमेंट फ्रेम आमच्या क्लिअरनंतर साधारण ४० मिलिसेकंदांनी येत होती, आता ती क्लिअरच्या आधी पडते. ते १३ गेले.

वॉचडॉगचं अजून कळत नाहीये. डीबगर काढला, स्विच लावून मोजलं, वेक पिनला पुलअप आहे. तरी झोपेत १.२ मिलिअँप तसेच आहेत, एकदम स्थिर.

सोल्डर_नाशिक

स्थिर आहे म्हणजे रेझिस्टर आहे. झोपेत व्ही१ वर, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या रेलवर, किती दिसतात ते मोज. बॅटरीचे व्होल्ट वाचायला एडीसीवर (व्होल्ट मोजणारी पिन) डिव्हायडर (व्होल्ट विभागणारे दोन रेझिस्टर) आहे का, आणि तो कुठून घेतलाय?

फर्मवेअर_हिंजवडी

व्ही१ वर ०.५ व्होल्ट आहेत. शून्य हवे होते ना? डिव्हायडर आहे, १० के आणि ३.३ के, स्कीमॅटिकमध्ये थेट केएल३० (बॅटरीची कायम चालू लाइन) वरून.

सोल्डर_नाशिक

सापडलं. मायक्रोकंट्रोलर बंद आहे पण त्याच्या एडीसी पिनवर १० के मधून बॅटरी येतेय. पिनच्या आत ईएसडीचा (स्थिर विजेपासून वाचवणारा) डायोड रेलकडे असतो, त्यातून करंट रेलमध्ये शिरतो. रेल ०.५, डायोडचे ०.६, पिन १.१ वर अडकली. १२.५ मधून १.१ वजा, भागिले १० के, १.१४ मिलिअँप. त्यात चिपचे स्वतःचे पन्नास-साठ मायक्रोअँप मिळव, तुझे १.२ झाले.

करंटपेक्षा ही उलटी पॉवर जास्त वाईट आहे. रेल पूर्ण शून्याला न जाता अर्धवट लटकते, आणि उठताना मायक्रोकंट्रोलरचा पॉवर-ऑन रीसेट कधीतरी नीट लागत नाही.

गुरुवारसाठी ४७० के आणि १५० के लाव, पिनजवळ १०० नॅनोफॅरॅड, २०-२५ मायक्रोअँपच जातील. सॉफ्टवेअरमध्ये गुणक बदल, प्रमाण थोडं वेगळं आहे. पण हा कायमचा इलाज धरू नकोस, गरम झाल्यावर पिनचं लीकेज १ मायक्रोअँप धरलं तरी बॅटरीच्या मापात जवळपास अर्ध्या व्होल्टची चूक येईल. पुढच्या बोर्डावर डिव्हायडरच्या वर पी-मॉसफेट टाकून तो व्ही१ असतानाच चालू होईल असं करायला सांग.

कॅन_श्टुटगार्ट

वॉचडॉगचे ६ आहेत ना, झोपायच्या आधी फ्लॅशमध्ये काही लिहितेस का? काचेची पोझिशन, एरर कोड? ईईप्रॉम इम्युलेशनला (फ्लॅशमध्येच डेटा साठवायची पद्धत) एखादा सेक्टर पुसायची वेळ आली की ते सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद घेतं, आणि बऱ्याच कंट्रोलरमध्ये तेवढा वेळ त्याच फ्लॅशवरून कोडही चालत नाही. सेक्टर प्रत्येक वेळी भरत नाही म्हणून कधी होतं, कधी नाही.

मोठा पिरियड टाकून मोकळी होशील, पण तो नॉर्मल मोडमध्ये बदलू नकोस. यूजेए११६९ मध्ये तरी वॉचडॉगचा मोड नॉर्मलमध्ये बदलायला गेलं की त्याचाही रीसेट येतो, आधी स्टँडबायला जायचं, तिथे बदलायचा. आणि विंडो मोडमध्ये असशील तर नुसतं जास्त वेळा किक करूनही चालत नाही, पिरियडच्या पहिल्या अर्ध्यात केलेली किक पण रीसेटच देते. मी असते तर लिहिण्याचं काम तुकड्यांत करून मध्ये किक दिली असती, वॉचडॉग सैल केला नसता. कोड खरोखर अडकला तर तो एकटाच ते ओळखणार आहे.

लाइन_रांजणगाव

मध्येच विचारतो, आमच्या लाइनवर कोऱ्या बोर्डावर वॉचडॉग कधीच रीसेट देत नाही, फ्लॅश केलेल्यावर देतो. चिप तीच. हे काय?

कॅन_श्टुटगार्ट

दादा, यूजेए११६९ घराण्याची चिप असेल तर ती कारखान्यातून फोर्स्ड नॉर्मल मोडमध्ये येते. रेग्युलेटर चालू, कॅन चालू, वॉचडॉग बंद, म्हणजे रिकाम्या मायक्रोकंट्रोलरमध्ये पहिल्यांदा सॉफ्टवेअर टाकता येतं. तुमच्या टूलने नंतर तो बिट चिपच्या कायम मेमरीत बदलला की वॉचडॉग लागू होतो. ती मेमरी जास्तीत जास्त २०० वेळाच लिहिता येते, तेव्हा लाइनच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक बूटला लिहिणारं काही राहिलं नाहीये ना ते बघून घ्या.

फर्मवेअर_हिंजवडी

अपडेट. फ्लॅशचंच होतं, सेक्टर पुसताना १८० मिलिसेकंद जात होते आणि आमचा पिरियड १२८ चा. पुसणं आता झोपायच्या वेळेला न करता गाडी चालू असतानाच तुकड्यांत होतं. २०० वेळा झोपवून उठवलं, वॉचडॉगचा रीसेट एकही नाही, अयोग्य स्लीपचा एक आला, आणि त्या वेळी लॉगमध्ये खरंच फ्रेम आलेली दिसते. ताई, तो तुम्ही म्हणालात तसा राहू दिलाय.

रेझिस्टर हार्डवेअरच्या दादांनी हाताने बदलून दिले. व्ही१ झोपेत ०.०२ व्होल्ट, करंट ६७ मायक्रोअँप. लिनचा पुलअप पण बघितला, तो थेट केएल३० वर होता, पुढच्या बोर्डात आयएनएचवर जाणार आहे, त्याची नोंद केली. गुरुवारी गाडीवर काय येतं ते इथेच लिहिते.